कारी चार

ध्वनिमुद्रण करणाऱ्याकडे कोणी बघत नाही, हेच माझ्या धंद्याचं भांडवल. कॅमेरा समोर आला की माणूस केस सारखे करतो, पदर सावरतो, आवाज बदलतो. मी मात्र कोपऱ्यात हेडफोन लावून मान खाली घालून बसलेला. थोड्या वेळानं लोक मला टेबल-खुर्चीत जमा करतात आणि आपापसात मोकळं बोलायला लागतात. या भांडवलावर मी वीसेक वर्षं पोट भरलं. ते कुठवर वापरावं, याचा धडा मला २०२२-२३ च्या मोसमात मिळाला. वडशाच्या आसपास, धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांमध्ये, मध्यरात्रीनंतर.

काम माहितीपटाचं होतं. दिग्दर्शक पुण्याचा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, हुशार, आणि रॉक बँडवरच्या माहितीपटांचा वेडा. पहिल्या भेटीत त्यानं माझ्यापुढं एक कागद सरकवला. त्यावर चार चौकोन होते: उदय, कळस, फूट, वारसा. “जगातल्या कुठल्याही बँडची गोष्ट एवढीच असते,” तो म्हणाला. पोरं एकत्र येतात, जग डोक्यावर घेतं, मग आपसात वाजतं, आणि शेवटी उरतं ते गाणं. त्याच्या मोबाइलवर एक चित्रफीत होती. पहाटेचे तीन, हजारभर माणसं कानटोप्या घालून तणसावर बसलेली, रंगमंचासमोर चार वादक, आणि ऑर्गनच्या एका सुरावटीवर उठलेला शिट्ट्यांचा लोंढा. “हा जंगलातला रॉक बँड आहे. यांच्यावर फिल्म करायची.”

मी हो म्हणालो त्याला दोन कारणं होती. एक म्हणजे माझं गाव ब्रह्मपुरीच्या बाजूचं, वैनगंगेच्या अलीकडचं. लहानपणी याच तणसावर आईच्या मांडीवर मी अनेक नाटकांचे तिसरे अंक झोपून काढले होते. दुसरं कारण लाजेचं. नागपूरला इंजिनीअरिंगला असताना मी एका बँडमध्ये बेस गिटार वाजवायचो. पाच पोरं, एक उधारीचा अँप्लिफायर, दुसऱ्यांची अकरा गाणी आणि स्वतःचं एक. कॅम्पस इंटरव्ह्यू सुरू झाले तसा आमचा बँड कुणाशीही न भांडता विरून गेला. त्या एका गाण्याची टेपसुद्धा कुणाकडं नाही. चौकोनांच्या हिशेबात बसायचं तर आमचा पहिलाच चौकोन रिकामा.

•

झाडीपट्टी म्हणजे चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा झाडीचा आणि धानाचा मुलूख. दिवाळीत धान कापणीला येतं, घरात पैसा येतो, आणि भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, संध्याकाळी बाजार, रात्री नाटक. हा मोसम होळीपर्यंत चालतो. गावातलं मंडळ कंपनीशी करार करतं, तिकिटं विकतं, आणि नफा उरला तर तो गावाच्या कामी लागतो. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती थांबल्या, २०२१ च्या डिसेंबरात त्यांना पुन्हा वाट मिळाली. “पट बंद होते तवा मंडई अर्धी वाटे,” असं एका मंडळाच्या अध्यक्षांनी मला सांगितलं. बैल पाहायला आलेला पाहुणा रात्री नाटकाला थांबतो. बैलच नसले तर पाहुणाही नाही.

या साऱ्याचं ठाणं देसाईगंज, म्हणजे वडसा. स्टेशनवर पाटी वडशाची आणि सरकारी कागदावर देसाईगंज. गोंदियाहून चांदा फोर्टकडं जाणाऱ्या रुळांवर पूर्वी छोटी गाडी धावायची, आता मोठी धावते. या गावात पन्नासच्या आसपास नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या आहेत, आणि गंमत म्हणजे कचेरीला इथं ‘प्रेस’ म्हणतात. नाटकाची पोस्टरं जिथं छापली जायची तिथंच नाटकाच्या तारखा ठरायच्या, तो शब्द तसाच चिकटून राहिला. दिवाळीच्या आधी प्रेससमोर गावोगावच्या मंडळींची रीघ लागते. नट कोण, नटी कुठली, हास्यनट कोण, लावणीला कोण, हे विचारून तारीख पक्की होते. दिग्दर्शकानं तिथं बसून विचारलं, “तुमचा बँड कधी स्थापन झाला?” मॅनेजरनं त्याच्याकडं दयेनं पाहिलं. “यंदाचा म्हनता का?”

पहिल्या चौकोनाला तिथंच तडा गेला. इथं कंपनीचं नाव वर्षानुवर्षं टिकतं, पण माणसं दर मोसमाला नव्यानं जुळतात. गेल्या वर्षी इकडं ढोलक वाजवणारा यंदा पलीकडच्या प्रेसमध्ये असतो. उदय दर भाऊबीजेला आणि फूट दर होळीला. भांडण लागत नाही, करार संपतो. मग माणसं मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला, लग्नाच्या बँडमध्ये वाजवायला, आपापल्या वाटेनं जातात.

मुळं शोधायला गेलो तर ती एका माणसाशी किंवा एका सालाशी थांबत नव्हती. नाटकाच्या आधी इथं दंडार होती, खडी गंमत होती. पुरुषच लुगडं नेसून नाचायचे, ढोलकी आणि टाळांवर रात्र निघायची. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकानं या दंडारीसाठी आणि झाडीबोलीसाठी आयुष्य घातलं. पुढं संगीत नाटकाच्या वाऱ्यानं पायपेटी आली, तिच्या जागी विजेवरचा ऑर्गन आला, ढोलकीशेजारी ऑक्टोपॅड येऊन बसला. जुनं काढून नवं ठेवलं असं नाही. सगळं एकाच सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसलेलं.

•

ज्या कंपनीबरोबर आम्ही फिरलो तिच्या ऑर्गनवाल्यांना सगळे मास्तर म्हणत. वय साठीच्या आतबाहेर, गळ्यात मफलर, बोटं नांगर धरून राठ झालेली. घरची तीन एकर धानशेती. पहिल्या रात्री माझ्या माइकवरची वाऱ्याची केसाळ टोपी त्यांनी बराच वेळ न्याहाळली आणि विचारलं, “सायेब, हे अस्वलाचं पिल्लू कायले आनलं?”

सायेब हा शब्द तीन दिवस टिकला. चौथ्या दिवशी चहा पिताना माझ्या तोंडून माझ्या आईच्या बोलीतला एक शब्द निसटला. त्यांनी गाव विचारलं, आजोबांचं नाव विचारलं, आणि तिथून पुढं मी ‘तू’ झालो.

पहिले तीन प्रयोग मी चुकीचं ध्वनिमुद्रण केलं. चूक अशी की माझे चांगले माइक मी नटांकडं तोंड करून लावले होते. रंगमंचावर वरून टांगलेले कंपनीचे माइक, त्यांना जोडलेले भोंगे, भोंग्यांतला भरघोस एको, मागं जनरेटर. या गदारोळातून संवाद स्वच्छ कसा उचलायचा यातच माझी अक्कल खर्ची पडत होती. चौथ्या रात्री मी मास्तरांच्या मफलरला कॉलर माइक लावला. ऑर्गन वाजवताना ते काही गुणगुणत असतील, ते मिळावं एवढाच हेतू.

हेडफोन चढवला आणि दुसरंच नाटक ऐकू आलं.

झाडीपट्टीत तालमी अगदी थोड्या. नट नागपूरहून, मुंबई-पुण्याहून येतात, मोसमात रोज रात्री नवं गाव, कधी नवं नाटक. विंगेत प्रॉम्प्टर असतो, पण त्याला फक्त शब्द माहीत. कुठं किती थांबायचं हे वादकांना माहीत. मास्तर ओठ न हलवता बोलत होते. “ओढ.” म्हणजे नट वाक्य विसरलाय, सूर लांबव. “दाब.” म्हणजे ढोलक खाली आण, आता म्हातारी रडणार. “त्याले सास घेऊ दे.” हास्यनटाचा विनोद जमला होता, हशा ओसरायला वेळ हवा होता. खलनायकाची एंट्री उशिरा झाली तेव्हा त्यांनी ऑर्गनवर एक भीतीचा सूर धरला आणि तो इतका ताणला की लोकांना वाटलं हा उशीर मुद्दामचाच आहे. विंगेतून तो पडत-धडपडत आला तेव्हा शिट्ट्या पडल्या. ऑक्टोपॅडवरचा पोरगा हसत होता. मास्तर म्हणाले, “हसू नोको, ठोक.”

मंचावरचे लोक नाटक करत होते आणि खाली बसलेला हा माणूस ते चालवत होता. त्यानंतर मी चांगले माइक कायमचे खाली वळवले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला त्यांची वही दाखवली. शाळेची दोनशे पानी, वरचं कव्हर गेलेलं. प्रत्येक नाटकाला एक पान. स्वरलिपी नाही, तालाच्या खुणा नाहीत. फक्त प्रवेशाचे पहिले दोन शब्द, आणि त्यापुढं पट्टी: पांढरी पाच, काळी एक, काळी चार. ऑर्गनला पट्टी बदलायचं बटण असतं, ते मास्तर कधी दाबत नाहीत. पेटीवर शिकलेला हात, काळ्या-पांढऱ्यातच विचार करतो. “बायांचं गानं असलं का पह्यले कारी चार. मंग रंगपटात जाऊन इचारायचं, गरा कसा हाये म्हनून. गरा बसला असंन तं खाली.” झाडीबोलीत ‘ळ’ नाही, त्याचा ‘र’ होतो. गळा म्हणजे गरा, काळी म्हणजे कारी. दुसऱ्या अंकानंतरच्या दहा मिनिटांत रोज रंगपटात डोकावून नटीला एक ओळ गुणगुणायला लावायची, हा त्यांचा नेम होता.

•

डिसेंबर निम्मा सरला तेव्हा दिग्दर्शकाला तिसऱ्या चौकोनाची घाई झाली. त्यानं मला ‘गेट बॅक’ची आठवण करून दिली. पीटर जॅक्सनची ती मालिका २०२१ च्या नोव्हेंबरात आली. बीटल्सच्या जानेवारी १९६९ मधल्या तालमींचं साठेक तासांचं चित्रण आणि दीडशे तासांवर आवाज पन्नास वर्षं पडून होता; त्यातून जवळपास आठ तासांची फिल्म त्यानं काढली. एकाच ट्रॅकवर मिसळलेले आवाज संगणकाकडून वेगळे करवून घेतले. गिटारखाली दडपलेली बोलणी वर आली. आमच्या धंद्यातल्या लोकांनी ती फिल्म देवळात गेल्यासारखी पाहिली. त्यात एक प्रसंग आहे. जॉर्ज हॅरिसन तालीम सोडून निघून गेलेला आहे, आणि लेनन आणि मॅकार्टनी जेवणाच्या खोलीत त्यावर बोलताहेत. कॅमेरा नाही. आवाज आहे, कारण त्या वेळच्या चित्रपटवाल्यांनी फुलदाणीत माइक लपवला होता. त्या दोघांना त्याचा पत्ता नव्हता.

“आपल्याला आपली फुलदाणी हवी,” दिग्दर्शक म्हणाला. “रंगपटात एक माइक सोडून दे. भांडणं तिथंच होतात.”

मी नाही म्हणालो. रंगपटात बायका कपडे बदलतात, एवढंच कारण मी दिलं आणि ते त्याला पटलं. खरं कारण मला तेव्हा नीट मांडता आलं नसतं. गंमत म्हणजे दहाच दिवसांनी फुलदाणी मीच ठेवली, आणि तीही विसरून.

कुरखेड्याकडचं एक गाव. थंडी अशी की केबलवर दव साचून पाण्याचे थेंब ओघळत होते. दुसरा अंक संपला, मास्तर ऑर्गनवर पंचा टाकून उठले. त्यांच्या मफलरचा माइक काढायचा राहिला. मी शेकोटीपाशी लाखोळीचे वडे खात होतो, हेडफोन मानेवर. मानेवरूनच आवाज आला. मास्तरांचा, आणि मॅनेजरचा.

विषय ऑक्टोपॅडवाल्या पोराच्या पैशांचा होता. इथं पगार नसतो, प्रयोगागणिक नाइट मिळते. पोराच्या काही नाइट राहिल्या होत्या. मॅनेजर म्हणत होता, होळीला सगळं एकदम. मास्तर म्हणत होते, त्याच्या बहिणीचं लग्न होळीआधी आहे. आवाज चढले, एक-दोन शब्द असे निघाले की मी आजही ते लिहिणार नाही. मी खरं तर हेडफोन काढायला हवा होता. मी तो मानेवरून उचलून कानांवर घट्ट बसवला. ही सवय आहे, आणि सवयीला नंतर लाज वाटते. सहा-सात मिनिटं चाललं ते. मग तिसऱ्या अंकाची घंटा झाली, मास्तर घाईनं येऊन बसले, आणि अजून धाप लागलेल्या आवाजात तबलजीला म्हणाले, “कारी चार.” तबलजीनं हातोडीनं दोन टोले देऊन सूर मिळवला.

तिसऱ्या अंकात त्या रात्रीच्या नटीचं गाणं होतं. पोराला मुकलेल्या आईचं. वरच्या षड्जावर तिचा आवाज चिरकला. फाटला असंच म्हणूया. हजार माणसांतून एक हुंकार उठला, पुढच्या रांगेतल्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. माझ्या अंगावर काटा आला. दिग्दर्शकानं कॅमेऱ्याआडून माझ्याकडं बघून अंगठा वर केला.

प्रयोग साडेचारला संपला. लोक लगेच उठत नाहीत, उजाडायची वाट बघतात. रात्रभर नाटक का, याचं कारण मला एका म्हाताऱ्यानं पूर्वीच सांगितलं होतं: वाघाच्या जंगलातून मध्यरात्री घरी कोण जाणार? नाटकानं रात्र काढायची आणि उजेडात ट्रॅक्टरवर बसायचं. त्या उजाडण्याच्या वेळी टपरीवर मी मास्तरांना गाठलं आणि माइक चालू राहिल्याचं सांगितलं. सगळं ऐकल्याचंही सांगितलं.

ते बशीतला चहा संपेपर्यंत गप्प होते.

“ऐकलं तं ऐकलं. आता मले सांगतेस कायले?”

“तुमचा आवाज आहे. ठेवायचा का, ते तुम्ही सांगा.”

“गान्याचं ठेव. पैशाचं काढ.” थोड्या वेळानं म्हणाले, “माहं काही नाई. मी कुठंबी वाजवीन. पोट्ट्याले पुढच्या साली काम पायजे.”

मी ती सात मिनिटं काढली. दिग्दर्शकाच्या हाती फाइल देण्याआधीच काढली आणि काढल्याचं त्याला सांगितलं. तो चार दिवस माझ्याशी कामापुरतं बोलला. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं: पैसे थकवणं ही या धंद्यातली खरी गोष्ट आहे, ती दडवून तू कुणाला वाचवतोस? मी म्हणालो, पोराला. तो म्हणाला, पोरासारख्या शंभर पोरांना तू बुडवतोस. या वादाचा निकाल माझ्यापुरता अजून लागलेला नाही. त्या पोराचे पैसे त्याच्या बहिणीच्या लग्नाआधी मिळाले, ते मास्तरांच्या त्या सात मिनिटांमुळं, माझ्या फिल्ममुळं नव्हे, एवढं मात्र मला माहीत आहे.

•

दुसरा चौकोन आपोआप भरला. २५ जानेवारी २०२३ च्या संध्याकाळी पद्म पुरस्कारांची यादी आली आणि तिच्यात परशुराम खुणे यांचं नाव होतं. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे खुणे म्हणजे विदर्भाचे दादा कोंडके. पाच हजारांहून अधिक प्रयोग, आठशेच्या घरात भूमिका. त्या रात्री आमची कंपनी रस्त्यावर होती. गाडीत मोबाइलला रेंज आली तशा एकामागून एक घंट्या वाजल्या आणि ड्रायव्हरनं गाडीच थांबवली. लोक खाली उतरून एकमेकांना सांगत होते, जणू ज्याला सांगायचं त्याला माहीत नाही. झाडीपट्टीच्या रंगमंचाला पद्मश्री! आदल्याच वर्षी तृषांत इंगळेंच्या ‘झॉलीवूड’ चित्रपटानं हे जग पडद्यावर आणलं होतं, आता दिल्लीनं त्याच्यावर शिक्का मारला. दिग्दर्शकाला कळस मिळाला. मास्तरांनी गाडीच्या टपावरून ऑर्गन खाली घ्यायला लावला, गाडीच्या उजेडात रस्त्याच्या कडेला दोन मिनिटं एक मंगल सुरावट वाजवली, आणि म्हणाले, “चला, उशीर होते.” ते चित्रीकरण अंधारातलं आहे, पण आवाज मी नीट घेतला.

•

पुण्यात संकलन सुरू झालं तेव्हा पहिलं भांडण ‘र’शी झालं. बोललेलं उतरवून घेण्याचं काम एका मुलीकडं होतं. तिनं प्रामाणिकपणे लिहिलं होतं: ‘कार, ही चार’. कंसात प्रश्नचिन्ह. दुसरीकडं ‘गर्दी गोरा झाली’ याच्या पुढं तिनं ‘वांशिक संदर्भ?’ अशी टीप टाकली होती. मी एक अख्खा दिवस तिच्याशेजारी बसून गोळा, गळा, वेळ, खेळ परत जागेवर आणले. खाली देण्याच्या ओळींत प्रमाण मराठी राहिली, आवाजात बोली राहिली.

फिल्मचा कळस म्हणून दिग्दर्शकानं निवडला तो चिरकलेला षड्ज. माझ्यातल्या तंत्रज्ञाला तो खटकला होता. दोन मिनिटांत संगणकावर तो सूर जागेवर बसवता आला असता. ‘द लास्ट वॉल्ट्झ’ या मार्टिन स्कॉर्सेसीच्या गाजलेल्या चित्रपटात ‘द बँड’चा १९७६ मधला निरोपाचा कार्यक्रम आहे, आणि त्यातलं बरंचसं वादन-गायन नंतर स्टुडिओत पुन्हा करून घेतलेलं आहे, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. पण दिग्दर्शक म्हणाला, “हात लावू नकोस. हीच झाडीपट्टी आहे. कच्ची, खरी.” मलाही पटलं. त्या चिरकण्यावर पडदा काळा होतो आणि हजार माणसांचा हुंकार तेवढा राहतो. पुण्यातल्या पहिल्या खेळाला त्या जागी सभागृह गारठलं. नंतर एका बाईंनी मला विचारलं, त्या कलावतीच्या आयुष्यात खरंच काही घडलं होतं का?

•

जुलैच्या शेवटी मी लॅपटॉप घेऊन मास्तरांकडं गेलो. रोवणीचे दिवस. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांध्या पाण्यानं भरलेल्या, बाया वाकून पऱ्हे लावताहेत. मास्तर गुडघाभर चिखलात होते. मला पाहून त्यांनी हात धुतले नाहीत. संध्याकाळपर्यंत एक बांधी उरकायची होती. मी पॅन्ट वर सारून उतरलो, माझ्या हातची चार ओळी रोपं बाया हसून परत लावत होत्या.

रात्री वीज गेली होती. लॅपटॉपची बॅटरी पुरेल असा हिशेब करून मी फिल्म लावली. मास्तर, त्यांची बायको, दोन नातू, शेजारचा तबलजी. स्वतःला पाहून मास्तर एकदाच हसले, गाडीच्या उजेडातल्या ऑर्गनपाशी. पद्मश्रीच्या बातमीला नातवांनी टाळ्या वाजवल्या. मग ते गाणं आलं. चिरकला आवाज, पडदा काळा, हुंकार.

मास्तरांनी हात वर केला. “मागं घे.”

मी मागं घेतलं. पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून ऐकलं. तबलजी त्यांच्याकडं बघत होता, आणि मास्तर काय बोलणार हे त्याला माहीत असावं तसा गप्प होता.

“गरा बसला होता तिचा,” मास्तर म्हणाले. “सर्दी होती. पांढरी पाच पायजे होती. मी कारी चार देल्ली.” आणि जरा थांबून, स्वतःशीच, “त्या राती तिले इचारलं नाई मी.”

का विचारलं नाही, ते मला माहीत होतं. ज्या दहा मिनिटांत ते रोज रंगपटात जायचे त्या दहा मिनिटांत ते एका पोराच्या नाइटसाठी भांडत होते. ती मिनिटं मी कापली होती. पुण्यातल्या बाईंना जे दुःख वाटलं, दिग्दर्शकाला जे खरेपण वाटलं, ते अर्ध्या सुराचं चुकलेलं देणं होतं, आणि त्या चुकीचं कारण पडद्याबाहेर, माझ्या कपाटातल्या एका डिस्कमध्ये पडून होतं. मी काही बोललो नाही. त्यांनीही माझ्याकडं पाहिलं नाही.

“लोक रडले पण,” मी म्हणालो.

“रडले. पन तिले पुढं चार रोज गाता नाई आलं.”

त्यांनी नातवाला वही आणायला सांगितली. मोबाइलच्या उजेडात पान शोधलं. त्या नाटकाच्या, त्या गाण्यापुढं ‘काळी चार’ लिहिलेलं होतं. लिहिताना मास्तर ‘ळ’ लिहितात, शाळेत शिकल्याप्रमाणं. त्याखाली त्यांनी सावकाश लिहिलं: ‘थंडीत पांढरी पाच. आधी विचारणे.’ मग तबलजीला विचारलं, “हे नाटक यंदा लागंन का गा?”

“मागनी आहे त्याले,” तबलजी म्हणाला.

बॅटरी चार टक्क्यांवर आली होती. फिल्मची शेवटची आठ मिनिटं, दिग्दर्शकानं ‘वारसा’ नावाच्या चौकोनासाठी जुळवलेली, बघायची राहिली. मास्तरांनी ती मागितली नाहीत. सकाळी लवकर उठायचं होतं, पऱ्हे पिवळे पडायच्या आत दुसरी बांधी लावायची होती.